गाण्याची वर्गणी

इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की आपल्याकडील पुष्कळ रसिक नाक मुरडतात. यंत्राला कुठे गळा असतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ब्रिस्टलच्या ‘मॅसिव्ह अटॅक’ या मंडळींची ‘मेझनीन’ (१९९८) ही ध्वनिमुद्रिका एकदा ऐकावी. तिच्यातल्या ‘टिअरड्रॉप’मध्ये एलिझाबेथ फ्रेझर यांचा कोवळा स्वर वर तरंगत असतो आणि खाली ठोका मात्र छातीतल्या धडधडीसारखा चालू असतो. गोडव्याखाली भय, हाच या संगीताचा स्थायीभाव.

याच मंडळींनी सप्टेंबर २०२५ मध्ये ‘स्पॉटिफाय’वरून आपली गाणी काढून घेण्याचे ठरविले. स्पॉटिफायचे संस्थापक डॅनियल एक यांच्या गुंतवणूक-संस्थेच्या पुढाकाराने जून २०२५ मध्ये ‘हेल्सिंग’ या जर्मन युद्धसाहित्य-कंपनीसाठी ६० कोटी युरो उभे राहिले होते. या कंपनीची ड्रोन युक्रेनला जातात. दोन्ही कंपन्या अगदी वेगळ्या आहेत, असा खुलासा स्पॉटिफायने केला.

मला या कलावंतांचे कौतुक वाटले. पण मन निःशंक झाले नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केली. आपले घर राखणाऱ्याच्या हाती शस्त्र पोचू नये, असे मी घरबसल्या कोणत्या तोंडाने म्हणू? तरीही गायकाचा प्रश्न उरतोच: माझ्या गाण्यावर श्रीमंत झालेल्याने तो पैसा शस्त्रांत घालावा, आणि मी गात राहावे? वर्गणी भरणाऱ्या श्रोत्यालाही तो सुटत नाही.

दिवाळीला नवी तबकडी आणण्याची आमच्या घरची जुनी चाल. यंदा मी ‘मेझनीन’ आणली.