विक्रेता की हमाल?

जालन्याकडचा शेतकरी बियाण्याच्या दुकानात शिरला की आधी विचारतो, "आमच्या रानाला काय मानवेल?" बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जिथे 'महिको' उभारली, त्या गावाला पिशवी विकणे आणि बियाणे जाणणे यांतला फरक सांगायला नको. पुस्तकांच्या मोठ्या दुकानदारीला मात्र त्याचा विसर पडला.

एकाच मालकाची गावोगाव दुकाने झाली, तेव्हा दर्शनी फळीवर काय मांडायचे हे दूरची कचेरी ठरवू लागली. गल्ल्यामागच्या वाचनवेड्या माणसाकडे उरली ती हमाली. पुस्तकांविषयी खोटे बोलणे आणि त्यांची धूळ झटकणे यांत आपले ग्रंथप्रेम आटले, असे जॉर्ज ऑर्वेलने १९३६ सालीच लिहिले होते. ही कुरकूर नव्हे, हे रोगाचे निदान होय.

२०११ साली अमेरिकेतील 'बॉर्डर्स' बुडाली. त्याच वर्षी इंग्लंडच्या 'वॉटरस्टोन्स'ची सूत्रे जेम्स डॉन्ट यांच्याकडे आली. त्यांनी निवडीचा अधिकार दुकानातल्या माणसांना परत दिला, आणि ती साखळी सावरली.

पण नुसती जाणकारीही पुरत नाही. टी. एन. शानभागांनी १९४८ साली मुंबईत सुरू केलेला, दर्दी वाचकांचा 'स्ट्रँड बुक स्टॉल' २०१८ साली मिटला. सल्ला दुकानात घ्यायचा आणि पुस्तक घरबसल्या स्वस्तात मागवायचे, हा व्यवहार कोणत्या जाणकाराला परवडेल?

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळी अंक घेताना विक्रेत्याला एवढेच विचारा, "यातले तुम्ही काय वाचलेत?" मनापासून उत्तर आले, तर खरेदीही तिथेच करा.