लॅपटॉपचे आयुष्य : पाच वर्षांच्या नियमाची चिकित्सा

'लॅपटॉप किती वर्षे टिकतो?' हा प्रश्न शाळांमधून वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : 'तीन ते पाच वर्षे.' विक्रेता हेच सांगतो, खरेदीचा सल्ला देणारे लेख हेच सांगतात, आणि जडवस्तू नोंदवहीतून यंत्राचे निर्लेखन करताना शेऱ्याच्या रकान्यातही हेच लिहिले जाते. एखादी संख्या इतक्या ठामपणे सांगितली गेली की ती कोणीतरी मोजून काढलेली असावी, असा आपला समज होतो. विज्ञान शिकवणाऱ्याने अशा वेळी विचारायला हवे, की ही संख्या आली कोठून? आम्ही तिचा माग काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिचे दोन उगम सापडले. त्यांपैकी एकाचा पदार्थविज्ञानाशी काहीही संबंध नाही. दुसऱ्याचा होता, पण तो संपून आता वीस वर्षे झाली.

हिशेबाची वही आणि घड्याळाचा वेग

पहिला उगम हिशेबाच्या वहीत आहे. आपल्याकडील २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप व लॅपटॉप यांचे 'उपयुक्त आयुष्य' ३ वर्षे धरले आहे, सर्व्हरचे ६ वर्षे. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे १०० रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर ६० रुपयांचे, दुसऱ्या वर्षाअखेर ३६ रुपयांचे आणि पाचव्या वर्षाअखेर जेमतेम ८ रुपयांचे उरते. हे आकडे करआकारणीच्या सोयीसाठी आहेत. यंत्राच्या आत काय झिजले, याची त्यांत काहीच नोंद नाही. तरीही वहीतली किंमत शून्याजवळ आली, की यंत्रच निकामी झाले असे मानण्याची सवय आपल्या कार्यालयांना लागली आहे.

दुसरा उगम अधिक मनोरंजक आहे. १९८९ मध्ये इंटेलचा '४८६' प्रोसेसर आला तेव्हा तो सेकंदाला अडीच कोटी ठोक्यांनी, म्हणजे २५ मेगाहर्ट्‌झने चालत असे. १९९३ चा पेंटियम ६० मेगाहर्ट्‌झचा होता आणि मार्च २००० मध्ये १००० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम बाजारात आला. सात वर्षांत सोळा पटींहून अधिक! त्या काळात पाच वर्षांचा संगणक नव्या कामांना खरोखरच पुरा पडत नसे. पाच वर्षांचा नियम तेव्हा खरा होता.

हा वेग वाढत होता याचे कारण १९७४ मध्ये रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले होते. ट्रान्झिस्टर लहान करत गेले तर त्याला लागणारा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवूनही उष्णता वाढत नाही. सुमारे २००५ च्या सुमारास हे गणित मोडले. अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरमधून बंद अवस्थेतही प्रवाह गळू लागला, व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि चिप तापू लागली. त्यानंतर घड्याळाचा वेग ३ ते ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास घुटमळत राहिला आहे. प्रगती थांबली असे नव्हे. एका चिपवर अनेक गाभे आले आणि प्रत्येक ठोक्यात होणारे कामही वाढले. पण प्रश्नपत्रिका टाइप करणे, गुणपत्रक बनवणे, वर्गात चित्रफीत दाखवणे ही कामे दहा वर्षांपूर्वीच्या मध्यम प्रतीच्या प्रोसेसरलाही जड नाहीत. कारण गेले, नियम मात्र राहिला. अशा नियमाला आम्ही विज्ञान म्हणणार नाही.

एका यंत्रात अनेक आयुष्ये

'लॅपटॉपचे आयुष्य' हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा आहे. लॅपटॉप म्हणजे निरनिराळ्या कारणांनी व निरनिराळ्या वेगांनी म्हातारे होणाऱ्या भागांचा संच आहे.

सर्वांत आधी थकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन ग्रॅफाइट आणि धातूचे ऑक्साइड यांच्यामध्ये ये-जा करतात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होत असतो. तो आवश्यक असतो, पण तो वाढताना थोडे थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. साधारण ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येते. काही नव्या बॅटऱ्या १००० फेऱ्यांपर्यंतही जातात. येथे 'फेरी' म्हणजे एकूण १०० टक्के वापर. अर्धी बॅटरी दोनदा वापरली, तर ती एक फेरी. बॅटरी नुसती पडून राहिली तरी झिजते. आणि ती पूर्ण भरलेली व गरम असेल तर झपाट्याने झिजते. विदर्भातील एखाद्या शाळेत मे महिन्याच्या सुटीत पूर्ण भरलेला लॅपटॉप लोखंडी कपाटात कोंडून ठेवणे हा बॅटरी म्हातारी करण्याचा खात्रीचा उपाय आहे. अगदी रिकामी ठेवणेही वाईट. निम्मी भरून, खोलीतल्या त्यातल्या त्यात थंड जागी ठेवावी.

दुसरा भाग हार्ड डिस्क. 'लॅपटॉप फार हळू झाला' ही तक्रार बहुधा प्रोसेसरची नसून डिस्कची असते. हे वर्गात गणिताने दाखवता येईल. लॅपटॉपमधील डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. एका फेऱ्यास ६० भागिले ५४००, म्हणजे सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी दहाएक. म्हणजे विखुरलेल्या माहितीची सेकंदाला साठ-पासष्ट वाचनेच होतात, आणि यंत्र सुरू होताना अशी हजारो वाचने करावी लागतात. एसएसडीत फिरणारा भागच नाही, त्यामुळे तेथे एका वाचनास ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणूनच डिस्क बदलून एसएसडी बसवली, की 'मरायला टेकलेले' यंत्र चटकन उठून बसते.

पंख्यात धूळ साचते, प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप सुकतो, मग चिप तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवते. साफसफाई आणि नवा लेप हे काम तासाभराचे आहे. बिजागऱ्या सैल होतात, कीबोर्डच्या कळा झिजतात. या सर्वांच्या मानाने खुद्द चिप जवळजवळ अजर असते. ज्या भागाच्या नावावर आपण यंत्र म्हातारे ठरवतो, तोच सर्वांत उशिरा म्हातारा होतो.

सॉफ्टवेअरने दिलेला निकाल

मग धडधाकट यंत्रे टाकावी का लागतात? येथे आमची टीका निर्मात्यांकडे वळते. निकलॉस वर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्येच तक्रार केली होती, की यंत्रे ज्या गतीने वेगवान होतात त्याहून अधिक गतीने सॉफ्टवेअर मंद होत जाते. आता त्यात मुदतीची भर पडली आहे. विंडोज १० चा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या वैयक्तिक वापरकर्त्यांना त्यापुढे एका वर्षाची मुदत देण्यात आली. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला सुरक्षेची टीपीएम २.० ही सोय हवी आणि प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. इंटेलचा असेल तर, काही मोजके अपवाद वगळता, तो आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. ही आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्याच वर्षी सातव्या पिढीचे यंत्र घेतलेल्या शाळेच्या यंत्रात टीपीएम २.० असले, तरी ते यादीबाहेर राहते. त्यात काहीही बिघडलेले नाही. निकाल यादीने दिला.

याचा अर्थ जुनी प्रणाली तशीच वापरत राहावी असा मात्र नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रॅमने जगभर संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयेही त्यात सापडली. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते बळी पडले. सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणारे यंत्र इंटरनेटला जोडून त्यावर मुलांची माहिती ठेवणे धोक्याचे आहे. मार्ग दोन उरतात : ते यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ चित्रफिती व प्रतिकृती दाखवण्यासाठी वापरणे, किंवा त्यावर लिनक्स बसवणे. दुसरा मार्ग अव्यवहार्य नाही. २००१ मध्ये सुरू झालेला केरळचा 'आयटी@स्कूल' प्रकल्प पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर गेला, आणि तेथील सरकारी शाळा लिनक्सवरच शिकवतात.

नवे यंत्र वीज वाचवते, पण…

नव्या यंत्राच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद केला जातो : ते वीज कमी खाते. हा युक्तिवाद दिव्याला लागू पडतो. ६० वॅटचा जुना दिवा काढून ९ वॅटचा एलईडी लावणे शहाणपणाचेच. लॅपटॉपचा हिशेब करून पाहू. समजा, शाळेतला लॅपटॉप २० वॅट घेतो आणि रोज ५ तास, वर्षातले २२० दिवस चालतो. वर्षाला २२ युनिट झाले. भारतातील एक युनिट वीज तयार होताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला साधारण १५ किलो. आता निर्मितीचा भार २०० किलो धरू. कंपन्यांच्या स्वतःच्या पर्यावरण-अहवालांत शंभर ते तीनशे किलोचे आकडे दिसतात. नव्या यंत्राने विजेत निम्मी बचत केली, तरी वर्षाला साडेसात किलो वाचतील. त्याच्या निर्मितीचा भार फिटायला २०० भागिले ७.५, म्हणजे सुमारे २७ वर्षे लागतील.

टाकलेल्या यंत्राचे काय होते हेही पाहायला हवे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि काम नोंदणीकृत केंद्रांतच व्हावे असे म्हटले आहे. पण दिल्लीच्या सीलमपूरमध्ये व उत्तर प्रदेशातील मुरादाबादमध्ये उघड्या हातांनी यंत्रे फोडून, तारा जाळून आणि आम्लात पट्ट्या बुडवून धातू काढण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. भंगारवाल्याला दिलेला आपला लॅपटॉप शेवटी कोणाच्या हाती जाईल, हे आपल्याला कळत नाही.

मग बदलायचा कधी?

सल्ला-लेखांतला आणखी एक आवडता नियम असा : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक झाला, तर नवे घ्या. हाही नियम अपुरा आहे, कारण त्यात काळाला स्थान नाही. समजा, नवे यंत्र ४०,००० रुपयांचे आहे व ते ६ वर्षे चालेल. वर्षाला सुमारे ६,७०० रुपये पडले. जुन्यात ६,००० रुपयांची बॅटरी व एसएसडी घालून ३ वर्षे मिळाली, तर वर्षाला २,००० पडतात. २२,००० रुपयांच्या दुरुस्तीने ४ वर्षे मिळत असतील, तर वर्षाला ५,५०० पडतात. निम्म्याचा नियम ही दुरुस्ती नाकारतो, पण ती फायद्याची आहे. उलट १५,००० रुपये घालून एकच वर्ष मिळणार असेल, तर नियम परवानगी देतो आणि पैसे वाया जातात. म्हणून पाहायचे ते वर्षाला किती रुपये पडतात हे.

काही यंत्रे मात्र भावनेत न गुंतता बदलावीत. पाण्याने मदरबोर्ड गंजला असेल. रॅम अपुरी असून ती पाटीवर डाखलेली असेल. सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या असतील आणि ज्या प्रणालीखेरीज काम अडते ती लिनक्सवर चालत नसेल, तर यंत्राचे त्या कामापुरते आयुष्य संपले. बॅटरी फुगली असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे, ती टोचू-दाबू नये, जाणकाराकडून काढून घ्यावी. तेथे बदलायची ती बॅटरी. लॅपटॉप बहुधा वाचतो.

आमचा खरा आक्षेप खरेदीच्या पद्धतीवर आहे. लॅपटॉप किती टिकणार याचा मोठा भाग तो विकत घेतला जातो त्याच दिवशी ठरतो. सर्वांत कमी दराच्या निविदेत बहुधा असे यंत्र येते, ज्यात ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण दोन्ही पाटीवर कायमची डाखलेली असतात. अशा यंत्रात तीन वर्षांनी काहीही वाढवता येत नाही, आणि मग 'लॅपटॉप तीनच वर्षे टिकतात' हा समज आपोआप खरा ठरतो. महाग यंत्रेही निर्दोष नाहीत : २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये रॅम डाखलेली आणि बॅटरी चिकटवलेली होती. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर 'दुरुस्ती-सुलभतेचे' दहापैकी गुण छापणे सक्तीचे झाले. आपल्या निविदांत निदान तीन ओळी हव्यात : बॅटरी स्क्रूने काढता यावी, रॅम व साठवण बदलता यावी, आणि सुटे भाग व सुरक्षा-दुरुस्त्या किती वर्षे मिळतील हे लेखी द्यावे.

शिक्षकांना यातून एक छोटा प्रकल्पही घेता येईल. विंडोजमध्ये व लिनक्समध्ये बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता दोन्ही वाचण्याची सोय असते. शाळेतल्या प्रत्येक लॅपटॉपचे हे दोन आकडे, खरेदीचे वर्ष, डिस्कचा प्रकार आणि सुरू होण्यास लागणारे सेकंद विद्यार्थ्यांनी तक्त्यात लिहावेत व वयाविरुद्ध आलेख काढावा. बिंदू एका रेषेत येतात की विखुरतात, हे त्यांनाच पाहू द्यावे. पुढच्या निर्लेखनाच्या प्रस्तावाला हा तक्ता जोडावा. त्यात कोणता भाग निकामी आहे आणि तो बदलण्यास किती खर्च येईल, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले.