आल्बममध्ये न चिकटवलेले चित्र

कथा-कवितांची समीक्षा आपल्या नियतकालिकांतून नेमाने होत असते. परंतु आपल्या घराघरांत जे पुस्तक सर्वांत अधिक वेळा उघडले जाते, पाहुण्यांपुढे आवर्जून ठेवले जाते, आणि ज्याची पाने खाऊच्या हातांनी उलटल्याबद्दल मुले ओरडा खातात, त्या पुस्तकाकडे समीक्षक वळल्याचे आम्हांला आठवत नाही. ते पुस्तक म्हणजे कुटुंबाचा फोटो-आल्बम. काळ्या जाड कागदाची पाने, मधून मधून कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, आणि फोटोला धरून ठेवणारे चार चिकट कोपरे. त्याचा लेखक कोणी एक नसतो. संपादक मात्र असतोच. काय चिकटवायचे आणि काय पाकिटात पडू द्यायचे हे कोणीतरी ठरवीत असते. जेथे निवड आहे तेथे समीक्षेलाही जागा असावी.

गेल्या वर्षी आमची आई देवाघरी गेली. महिन्याच्या मिस्सेला वाटायच्या स्मरणपत्रिकेवर तिचा एकटीचा फोटो हवा होता. तीन आल्बम पालथे घातले. स्नानसंस्कार, प्रथम कम्युनियन, लग्ने, धर्मग्रामाच्या सणाची मिरवणूक, सारे होते. आईही होती, पण मागल्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआडून, बहुधा डोळे मिटलेली. अखेर १९८१ सालच्या एका लग्नातील समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. फोटोवाल्याने शेजारणीचा खांदा पुसला, त्यासरशी आईच्या एका कानातली कुडीही पुसली गेली. ज्या बाईने पन्नास वर्षे त्या घराला जेवू घातले, तिचे चुलीपाशी बसलेले एकही चित्र तिन्ही आल्बमांत नव्हते. किंबहुना चूलच नव्हती.

याला कारणे आहेत, आणि ती आधी न्यायाने मांडली पाहिजेत. आमच्या पिढीच्या घरांत आला तो ‘आग्फा क्लिक थ्री’: साधे भिंग, रोलवर जेमतेम बारा चौकोनी चित्रे. उन्हात तो इमानाने काम करी. धुरकटलेल्या, एका खिडकीच्या स्वयंपाकघरात त्याला काही दिसत नसे. शिवाय रोल महाग, धुलाई महाग. बारांपैकी एक चित्र भाकरी थापण्यावर घालवणे ही उधळपट्टीच ठरली असती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेआर्न प्रांतातील शेतकऱ्यांविषयी हेच निरीक्षण नोंदवले आहे: घरगुती छायाचित्रणाचे काम कुटुंबाचे मोठे क्षण गंभीरपणे मुद्रित करणे हे असते, रोजचा दिवस टिपणे हे नव्हे. बेआर्नचा शेतकरी आणि वसईचा वाडीवाला या बाबतीत सख्खे भाऊ निघावेत याची आम्हांला गंमत वाटली.

तरीही या कारणांनी आमचे समाधान होत नाही. कारण अन्नाची चित्रे आल्बमात आहेत. कापायला सज्ज असलेला केक आहे, फुग्यांनी भरलेली परात आहे, नाताळच्या ताटातील कुलकुल आहेत. मग ज्या रात्री सारे घर चटईवर गोल बसून काट्याच्या पाठीवर ते कुलकुल वळत होते, त्या रात्रीचे चित्र का नाही? दिवा तर तेव्हाही होता, आणि पुढे फ्लॅशही आला. आमच्या मते हा प्रश्न उजेडापेक्षा अभिरुचीचा अधिक आहे. श्रम दिसू नयेत, फळ तेवढे दिसावे, अशी एक समजूत आपल्या संपादनामागे आहे.

येथे एका जुन्या चित्राची आठवण होते. स्पेनच्या व्हेलास्केझने १६१८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मार्था आणि मरिया यांच्या घरी आलेला ख्रिस्त रंगवला. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लूकच्या शुभवर्तमानातील हा प्रसंग आपण शेकडो वेळा ऐकला आहे. मार्थेची समजूत काढली जाते आणि मरियेचे कौतुक होते, हेही आपल्याला पाठ आहे. व्हेलास्केझने मात्र प्रभूला मागे, भिंतीतील एका लहान चौकटीत बसवले. ती खिडकी आहे, आरसा आहे की चित्रातले चित्र, यावर जाणकारांचे अद्याप एकमत नाही. पुढचा सारा भाग स्वयंपाकाने व्यापला आहे: थाळीत मासे, दोन अंडी, लसूण, एक सुकी लाल मिरची, आणि पितळी खलात काही कुटणारी एक तरुणी. तिचे हात राकट आहेत, चेहरा लालबुंद, रडू आवरल्यासारखा. (ती मिरची अमेरिकेतून आलेली, पोर्तुगिजांनी तीच आपल्याकडे आणली, आणि आज तिच्याविना आपल्या इंद्यालची कल्पनाही करवत नाही.) चित्रकाराने मार्थेची बाजू घेतली असे आम्ही म्हणणार नाही. त्याने तिला पुरेसा उजेड दिला, इतके खरे.

आल्बमच्या मागील पाकिटात, न चिकटवलेल्या फोटोंत, आम्हांला एक चित्र सापडले. १९७४ साली धाकट्या बहिणीच्या प्रथम कम्युनियनला मामांनी कॅमेरा आणला होता. अकरा चित्रे झाली, एक उरले, आणि रोल लवकर धुवायला द्यायचा म्हणून त्यांनी ते कोठेतरी उडवून टाकले. ते ‘कोठेतरी’ म्हणजे आमचे स्वयंपाकघर. रूढ कसोट्यांनी चित्र फसलेले आहे: आईच्या डोक्याचा वरचा भाग कापला गेला आहे, वरवंट्यावरचे हात हलल्याने पुसट झाले आहेत. पण मागील दारातून येणारा उजेड पाट्यावर, ओल्या वाटणावर आणि तिच्या मनगटावर पडला आहे. पलीकडे, मधल्या दाराच्या चौकटीत, बाहेरची खोली दिसते: पांढऱ्या झग्यातली बहीण, खुर्च्यांवरचे पाहुणे, भिंतीवरील पवित्र हृदयाच्या तसबिरीचा एक कोपरा. व्हेलास्केझचे नावही मामांनी ऐकलेले नव्हते. आमच्या घरातील हे सर्वोत्कृष्ट छायाचित्र आहे, असे आमचे मत आहे.

त्याचे मोल केवळ मांडणीत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली मराठी गृहिणीला वाटी-चमच्याचे माप दिले. आईचे वाटण आम्ही तशा मापात वहीत उतरवून ठेवले आहे. मात्र ती पाट्याशी एक गुडघा उभा करून बसे, आणि वरवंटा पुढे ढकलताना डावा खांदा किंचित झुकवी, हे कोणत्याही मापात बसणारे नव्हे. ते या एकाच चौकोनात राहिले आहे.

आता प्रत्येकाच्या हाती मोबाईल आहे. रोल नाही, धुलाई नाही, अंधाराची सबब नाही. आमची नातवंडे जेवणाआधी ताटाचा फोटो काढतात, आणि चांगला काढतात. परंतु पाहावे तर ताटच. रांधणारी अजूनही चौकटीबाहेर आहे, फरक इतकाच की आता ताट थंड होईपर्यंत तिला थांबावे लागते.

हे चित्र आल्बमच्या पहिल्या पानावर लावावे, असे आम्ही भावंडांत सुचवले. धाकट्या बहिणीने विरोध केला. “दादा, आईला आवडलं असतं का ते?” ती म्हणाली. “कॅमेरा दिसला की ती म्हणायची, थांबा रे, लुगडं बदलून येते. विटलेल्या लुगड्यात, विस्कटलेल्या केसांनी तिला साऱ्यांना दाखवायचं?” या प्रश्नापुढे आमची समीक्षा अडली. रोलाँ बार्त यांनी आईच्या मृत्यूनंतर छायाचित्रणावर लिहिलेल्या, १९८० साली प्रकाशित झालेल्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या एका फोटोवर कितीतरी पाने लिहिली. पुस्तकात इतर अनेक छायाचित्रे छापली, तो फोटो मात्र छापला नाही. तो आपल्यापुरताच आहे, परक्याला त्यात काही दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या बहिणीची भीती नेमकी उलट होती: परक्याला फार दिसेल.

बरेच बोलणे झाल्यावर चित्र आल्बममध्ये लावायचे ठरले; पहिल्या पानावर नव्हे, कम्युनियनच्या अकरा चित्रांशेजारी, बाराव्या जागी. कोपरे बहिणीनेच चिकटवले. या लेखासोबत ते द्यावे काय, हेही आम्ही तिला विचारले होते. ती नको म्हणाली.