वजन घटविण्याचें वाङ्मय

वाङ्मयचर्चेला वाहिलेल्या मासिकानें वजन कमी करण्याच्या पुस्तकांचा परामर्श घ्यावा, हें कांहीं वाचकांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या ग्रंथांमुळें माणसांचा दिनक्रम बदलतो त्यांच्याकडे टीकाकारानें पाठ फिरवावी, हें त्याहून विचित्र होय. कादंबरी वाचून कोणी आपली जेवणाची वेळ बदलल्याचें ऐकिवांत नाहीं. हीं पुस्तकें वाचून मात्र ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील कित्येक घरांत स्वयंपाकाची वेळच काय, पण पाहुण्यास चहा विचारण्याची रीतहि बदलली आहे. पन्नाशीच्या आसपासचे दोन गृहस्थ तलावपाळीवर किंवा फडके रोडवर भेटले म्हणजे प्रकृतीची विचारपूस आतां ‘किती उतरलें?’ या प्रश्नानें सुरू होते. ज्या वाङ्मयानें हा प्रश्न आमच्या तोंडीं घातला, त्याचे गुणदोष पाहण्याचें येथें योजिलें आहे.

या वाङ्मयाचा घाट विलायती आहे व तो बराच जुना आहे. विल्यम बँटिंग नांवाच्या लंडनच्या एका व्यावसायिकानें १८६३ सालीं स्थूलतेविषयीं एक पत्र छापून प्रसिद्ध केलें. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं त्याचें वजन २०२ पौंड होतें. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे हे पदार्थ टाकून त्यानें सुमारें वर्षभरांत ४६ पौंड उतरविले. त्याच्या पत्राचा एवढा बोलबाला झाला कीं, त्याच्या नांवावरून पथ्य करण्यास इंग्रजींत एक क्रियापदच रूढ झालें. त्या पत्राची रचना पाहण्यासारखी आहे. प्रथम देहाचे हाल आणि लोकांनीं केलेली थट्टा, मग फसलेल्या उपायांची यादी, मग योग्य वैद्याची भेट, मग पथ्य, आणि शेवटीं उतरलेल्या पौंडांचा आंकडा. दीडशें वर्षांत देश बदलले, पथ्यें बदललीं. घाट मात्र तोच राहिला. आमच्याकडे तो सहज रुजला, याचें कारण आमच्या व्रतकथांशीं त्याचें फार जवळचें नातें आहे. संकट, उपदेश, व्रत आणि फलश्रुति हाच क्रम येथेंहि आणि तेथेंहि.

मराठी ललित वाङ्मयांत या विषयाचें सर्वांत प्रसिद्ध चित्र पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकांतील ‘उपास’ या प्रकरणांत आढळतें. वजन कमी करण्याचा एका माणसाचा खाजगी संकल्प बघतां बघतां चाळीची सार्वजनिक मालमत्ता होतो. जो तो शेजारी त्याला निराळी वस्तु सोडावयास सांगतो. आणि अखेर उपासच फसतो. वजन ही एकट्या माणसाची बाब नसून भोंवतालच्या चाळीची बाब आहे, हें देशपांड्यांनीं जितक्या अचूकपणें ओळखलें तितकें पुढील आहारशास्त्रज्ञांनीं क्वचितच ओळखलें असेल. परंतु प्रयत्न फसला कीं विनोदी लेखकास थांबण्याची मुभा असते. प्रयत्न सफल झाला असता तर दुसऱ्या वर्षीं काय झालें असतें, हें सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर नाहीं. ती ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे आतां वळूं.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धति महाराष्ट्रांत घरोघर पोंचली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानापासून स्फूर्ति घेऊन त्यांनीं आपलें सूत्र मांडलें: खरी भूक ओळखून दिवसांतून दोनच वेळां जेवावें, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आंत आटपावें, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें. प्रत्येक खाण्याबरोबर शरीरांत इन्शुलिन स्रवतें, म्हणून खाण्याच्या खेपाच कमी कराव्या, ही त्यामागील उपपत्ति. या मांडणीचा मोठा गुण तिचें सोपेपण हा होय. तींत कॅलरी मोजावयाच्या नाहींत, परदेशी भाजी आणावयाची नाहीं, पैसा खर्चावयाचा नाहीं. सूत्र एकदां ऐकलें कीं पाठ होतें, आणि ऐकणारा तें शेजाऱ्याला सांगूं शकतो. प्रसाराच्या दृष्टीनें मराठींतील इतर कोणत्या आरोग्यग्रंथास हें साधलें असेल याची शंकाच आहे. दोष आहे तो पुस्तकाच्या शीर्षकांतच. ‘विनासायास वेट लॉस’ असें तें म्हणतें. वजन उतरतांना उत्साह असतो, लोक वाखाणतात, जुने सदरे सैल होतात. तो काळ एक वेळ विनासायास म्हणतां येईल. सायास सुरू होतात ते काटा स्थिर झाल्यावर, जेव्हां कोणी वाखाणीत नाहीं आणि भूक मात्र पहिल्याहून तीव्र असते. त्या काळाला शीर्षकांत जागा नाहीं.

ऋजुता दिवेकर यांचें ‘डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट’ हें २००९ सालचें इंग्रजी पुस्तक नेमका उलटा उपदेश करतें: सकाळीं उठल्यावर लवकर खावें, दर दोन तासांनीं थोडें थोडें खावें, श्रमाच्या मानानें खावें, आणि निजण्यापूर्वीं दोन तास जेवण संपवावें. दिवेकरबाईंनीं तूप, भात आणि नारळ यांच्याविषयींचें सुशिक्षित वर्गाच्या मनांतील भय घालविलें, हें त्यांचें काम लहान नव्हे. आजीच्या स्वयंपाकघराला त्यांनीं पुन्हां प्रतिष्ठा दिली. परंतु त्यांच्या पुस्तकांतील वाचक ज्या जगांत राहतो त्या जगांत सकाळची डोंबिवलीची जलद गाडी नाहीं. डोंबिवलीपासून मुंबईचें टोक सुमारें ४८ किलोमीटर दूर आहे. ज्या गर्दींत खिशांतील रुमाल काढावयास हात मोकळा होत नाहीं, तेथें दर दोन तासांनीं डबा कोठून उघडावा? घरून सातला निघून रात्रीं साडेआठला परतणाऱ्या माणसास निजण्यापूर्वीं दोन तास जेवण आटपणें म्हणजे निजणेंच पुढें ढकलणें होय.

मग एकच वाचकवर्ग हीं परस्परविरुद्ध पुस्तकें वाचतो, आणि दोन्हींच्या अनुयायांचें वजन उतरतें, याची संगति कशी लावावी? २००५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत याचें बरेंचसें उत्तर आहे. तेथें १६० माणसांना चार निरनिराळ्या लोकप्रिय पथ्यांवर वर्षभर ठेविलें होतें. वर्षाअखेर पथ्यापथ्यांतील अंतर थोडें निघालें. ज्यानें आपलें पथ्य जितकें अधिक पाळलें तितकें त्याचें वजन अधिक उतरलें. तेव्हां या ग्रंथांना विचारावयाचा खरा प्रश्न ‘उपपत्ति कोणाची बरोबर?’ हा नसून ‘हें पथ्य माझ्या आयुष्यांत दहा वर्षें राहूं शकेल काय?’ हा आहे. या कसोटीला दोन्हीं पुस्तकें अपुरीं पडतात, कारण दोघांचीहि कथा फलश्रुतीपाशीं संपते.

फलश्रुतीनंतर काय होतें हें शास्त्रानें पाहिलें आहे. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याची एक गाजलेली स्पर्धा होत असे. तींतील १४ स्पर्धकांची केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं सहा वर्षांनीं पुन्हां तपासणी केली, आणि निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध केले. स्पर्धेंत त्यांचें सरासरी ५८ किलो वजन उतरलें होतें. त्यांतील ४१ किलो परत आलें होतें. त्याहून महत्त्वाचें हें कीं, स्वस्थ बसलें असतां त्यांच्या शरीरांत जी ऊर्जा खर्च व्हावयास हवी होती, तिच्यापेक्षां रोज सुमारें ५०० कॅलरी कमी खर्च होत होत्या. उपासमारीची आठवण देह इतकीं वर्षें जपून ठेवतो. असें असतां ज्याचें वजन परत येतें त्याला आम्ही काय म्हणतों? ‘जिभेवर ताबा नाहीं’ असें म्हणतों. तो बिचारा स्वतःहि तेंच म्हणतो, आणि मित्रांना चुकविण्यासाठीं फिरावयास जाण्याची वाट बदलतो. पुस्तकानें यशाचें श्रेय आपल्याकडे घ्यावें आणि अपयश वाचकाच्या चारित्र्यावर ढकलावें, हा या वाङ्मयाचा नैतिक दोष आहे, आणि मला तो त्याच्या शास्त्रीय दोषांहून गंभीर वाटतो.

आमच्या धर्मशास्त्रांत कर्मांचा जो भेद केला आहे तो येथें उपयोगी पडतो. काम्य कर्म एखाद्या फळाच्या इच्छेनें करावयाचें. फळ मिळालें, उद्यापन झालें, कीं तें संपलें. नित्य कर्म रोजचें. तें केल्यानें निराळें फळ पदरांत पडत नाहीं. न केल्यास मात्र प्रत्यवाय घडतो. वजन घटविणें हें काम्यव्रत आहे आणि घटलेलें वजन टिकविणें हें नित्यकर्म आहे. काटा हलला नाहीं हेंच त्याचें यश, आणि न हललेल्या काट्याची कथा रचणें अवघड. म्हणून लेखक उद्यापनापाशीं थांबतो आणि वाचकहि थांबतो. व्रत संपतें, मग गणपतीचे मोदक, दिवाळीचा फराळ, ठाण्याची मिसळ आणि कल्याणचा खिडकी वडा हीं पुन्हां आपापल्या जागीं येतात. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजानें केली, त्याला हें नवें नाहीं.

नित्यकर्म करणारीं माणसें आहेत. ज्यांनीं किमान ३० पौंड उतरवून तें वर्षभर तरी टिकविलें अशांची एक नोंदवही रीना विंग आणि जेम्स हिल यांनीं अमेरिकेंत १९९४ सालीं सुरू केली. त्यांतील माणसांनीं वजन उतरविलें ते मार्ग नाना प्रकारचे आहेत. टिकविण्याच्या संवयी मात्र बऱ्याच सारख्या. बहुतेक जण रोज सुमारें तासभर व्यायाम करतात, आणि तोहि मुख्यतः चालण्याचा. बहुतेक जण आठवड्यांतून एकदां तरी वजन करतात. यांत चमत्कार कांहीं नाहीं. पण रोजचा एक तास आमच्या या उपनगरांत कोणाजवळ आहे, हें विचारलें पाहिजे. येऊरच्या पायथ्याशीं किंवा उपवन तलावाभोंवतीं पहांटे फिरणाऱ्या सेवानिवृत्त गृहस्थांजवळ तो आहे. सकाळीं दोन डबे भरून, गाडी गांठून, संध्याकाळीं पुन्हां स्वयंपाकाला लागणाऱ्या पन्नाशीच्या गृहिणीजवळ तो नाहीं. ती सर्वांच्या मागून जेवते, आणि पातेल्यांत उरलेलें वाया जाऊं नये म्हणून तेंहि संपविते. ताटांत काय असावें हें वाचकानें ठरवावें असें हीं पुस्तकें गृहीत धरतात. तिचें ताट घरानें ठरविलेलें असतें. ‘उपास’मधील चाळ येथें पुन्हां आठवते.

‘चाळिशीनंतर शरीराची भट्टी मंदावते’ हें या वाङ्मयांतील एक लाडकें विधान. २९ देशांतील सहा हजारांवर माणसांच्या मोजमापांवरून हर्मन पाँट्झर यांनीं सहकाऱ्यांसह २०२१ सालीं दाखविलें कीं, शरीराच्या घडणीच्या मानानें पाहतां वयाच्या विसाव्यापासून साठाव्या वर्षापर्यंत ऊर्जेचा खर्च जवळ जवळ स्थिर असतो. बदलतें तें आयुष्य. चालणें कमी होतें, स्नायु झिजतात, झोप तुटते, हातांत पैसा येतो. तीच गत वजनाच्या आंकड्याची. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःचींच उदाहरणें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांच्या वजनाचा निर्देशांक तंतोतंत एक, २२·३. पण शरीरांतील चरबीचें प्रमाण युडकिन यांचें ९·१ टक्के, तर याज्ञिकांचें २१·२ टक्के. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आंत असावी असें वैद्य सांगतात तें याचमुळें. ज्या आंकड्यावर हीं पुस्तकें आपला कळस चढवितात, तो आंकडाच आमच्या देहाविषयीं अर्धवट बोलतो.

वजन घटविण्यासाठीं म्हणून २०२५ सालीं भारतांत नवीं इंजेक्शनें आलीं, तेव्हां पथ्याचीं पुस्तकें आतां रद्दींत जाणार असें कित्येकांनीं म्हटलें. पण त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधाचा २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो कीं, औषध थांबविल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग परत येतो. म्हणजे औषधालाहि उद्यापन नाहीं.

दीक्षित आणि दिवेकर यांच्या पुस्तकांनीं कित्येकांस पहिलें पाऊल टाकावयास लाविलें, हें त्यांचें ऋण मान्य करावयास हवें. परंतु मराठींत या विषयावरचें दुसरें पुस्तक अद्याप लिहावयाचें राहिलें आहे. त्याची सुरुवात वजन उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीं व्हावी. तें शक्य तर कल्याणच्या एखाद्या कारकुनानें किंवा डोंबिवलीच्या एखाद्या शिक्षिकेनें, दहा वर्षें वजन टिकविल्यानंतर, लिहावें. गाडी चुकलेल्या दिवशीं काय खाल्लें, लग्नसराईंत आग्रह कसा मोडला, चार किलो परत आले तेव्हां लाज कशी आवरली आणि दुसऱ्या सकाळीं पुन्हां चालावयास बाहेर कसें पडलें, हें त्यांत असावें. तें पुस्तक फारसें खपणार नाहीं. पण ज्यांचें वजन परत आलें आहे अशा पुष्कळ वाचकांस त्याची गरज आहे.