टेलिफोन की टपाल? एका उपमेची तपासणी

संगणकांच्या जाळ्याचा धडा शिकवताना एक उपमा हमखास येते. टीसीपी या पद्धतीने दोन संगणक जोडले जातात ते टेलिफोनसारखे : आधी नंबर फिरवायचा, पलीकडून 'हॅलो' आले की बोलायचे, बोलणे संपले की फोन ठेवायचा. उपमा सोपी आहे, मुलांना चटकन पटते आणि बरीच वर्षे एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत आली आहे. आमचे म्हणणे असे, की ती आता बाजूला ठेवावी. ती अपुरी आहे म्हणून नव्हे. अपुरी तर प्रत्येकच उपमा असते. शाळेच्या संगणक-खोलीत वारंवार दिसणाऱ्या एका साध्या घटनेपाशीच ती चुकीचे उत्तर देते, हा तिच्यावरचा आक्षेप आहे.

घटना अशी. सर्व्हर, म्हणजे सर्वांना माहिती पुरवणारा संगणक, बंद पडतो. कोणीतरी तो पुन्हा सुरू करतो. त्यानंतर खोलीतले काही संगणक लगेच कामाला लागतात, काही अर्धा मिनिट खोळंबतात आणि एखादा बराच वेळ ढिम्म राहतो. 'सर्व्हर स्लो आहे' असा निकाल सर्वानुमते लागतो. टेलिफोनच्या उपमेप्रमाणे तो बरोबरच आहे. कारण फोन तुटला की आपल्या कानाला तत्काळ कळते, तेव्हा उशीर होत असेल तर दोष पलीकडच्याचा. प्रत्यक्षात पुष्कळदा सर्व्हर मोकळा बसलेला असतो आणि उशीर अलीकडे, मागणी करणाऱ्या संगणकाच्या घड्याळात होत असतो.

टीसीपीच्या जोडणीत दोघांना बांधणारी अखंड तार नसते. असतात त्या दोन नोंदवह्या. शाळेच्या कार्यालयातील आवक-जावक नोंदवही डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक. समोरून पोच आली की खूण. पोच आली नाही तर काही वेळाने तेच पत्र पुन्हा. दोन कार्यालयांच्या वह्या एकमेकींशी जुळतात, तोवर 'जोडणी आहे' असे म्हणायचे. जोडणी म्हणजे दोन स्मृतींचे एकमत, एवढेच. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला म्हणजे त्याची वही कोरी झाली. अलीकडच्या संगणकाला मात्र याचा पत्ता नसतो. तो आपल्या जुन्या वहीवर विसंबून राहतो.

ही उपमा मराठी मुलांना परकी वाटण्याचे कारण नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरीकाठी पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना मायना काय लिहावा हे न सुचल्याने त्यांनी कोरेच पत्र धाडले आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. टीसीपीचे पहिले पत्रही बहुधा कोरेच असते. त्यात मजकूर नसतो. 'मी अमुक क्रमांकापासून सुरुवात करीत आहे' एवढेच असते. उत्तर आले तरच पुढचा व्यवहार.

उत्तर आले नाही तर? येथे टपालाची उपमा खरी कामाला येते. मागणारा संगणक साधारण १ सेकंद वाट पाहतो आणि तेच पत्र पुन्हा पाठवतो. मग २ सेकंद थांबतो, मग ४, ८, १६, ३२. म्हणजे पहिल्या पत्रापासून मोजले तर पुढची पत्रे १, ३, ७, १५, ३१ आणि ६३ व्या सेकंदाला निघतात. आता सर्व्हर ३० व्या सेकंदाला जागा झाला असे समजा. पुढचे पत्र एका सेकंदात पोचते आणि काम सुरू. तो ३३ व्या सेकंदाला जागा झाला, तर? ३१ व्या सेकंदाचे पत्र नुकतेच वाया गेलेले असते. आता ६३ व्या सेकंदापर्यंत थांबायचे. सर्व्हरला अवघे तीन सेकंद जास्त लागले आणि मागणाऱ्याची प्रतीक्षा बत्तीस सेकंदांनी वाढली. शेजारच्या संगणकाने दहा सेकंद उशिरा सुरुवात केलेली असेल तर त्याचे गणित निराळे. एकाच खोलीतला फरक असा उलगडतो.

प्रतीक्षा दुप्पट करणे ही कोणाची लहर नव्हे. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कले येथील विद्यापीठ आणि लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा या सुमारे ४०० यार्ड अंतरावरच्या संस्थांमधील संदेशवहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळले. संदेश खोळंबले की प्रत्येकजण पुन्हा पाठवी, त्यामुळे गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर जे उपाय मांडले, त्यांत प्रतीक्षा पटीने वाढवत नेण्यावर भर आहे. तेव्हा आपला उशीर ही सार्वजनिक शिस्तीची किंमत आहे, आणि ती द्यायला हवी असे आमचे मत आहे.

म्हणून दोष शोधताना पहिला प्रश्न विचारावा : समोरून नकार येतो आहे की मौन? सर्व्हरचे यंत्र चालू आहे पण त्यावरील कार्यक्रम अजून सुरू झालेला नाही, अशा वेळी यंत्र सहसा ताबडतोब नकार कळवते. जुन्या जोडणीतले पत्र आले तरी तेच. 'आपल्या संदर्भाधीन पत्राची नोंद या कार्यालयात आढळत नाही', अशा थाटाचे उत्तर येते आणि अलीकडचा संगणक जुनी वही फाडून नवी उघडतो. नकारानंतरही उशीर होत असेल तर मागणाऱ्या कार्यक्रमाने ठरवलेली प्रतीक्षा तपासावी. यंत्रच बंद असेल, किंवा मधला पहारेकरी पत्रे गुपचूप गिळत असेल, तर मौन. दुपटीचा खेळ मौनातच चालतो.

हे सारे टीसीपीच्या मूळ नियमांत आहे. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेले, सप्टेंबर १९८१ मधील आरएफसी ७९३ हे टिपण स्मृती गमावून पुन्हा उभ्या राहिलेल्या संगणकाची चर्चा नावानिशी करते. आपले जुने क्रमांक विसरलेल्या संगणकाने दोन मिनिटे गप्प राहावे, म्हणजे वाटेतली जुनी पत्रे विरून जातील, असेही त्यात आहे. (सगळे सर्व्हर हे पाळत नाहीत.) २०२२ मध्ये या टिपणाची जागा आरएफसी ९२९३ ने घेतली, पण ही जाण कायम आहे. वर्गात मात्र 'टीसीपी खात्रीशीर असते' एवढे एकच वाक्य पोचते. खात्री कशाची, हे कोणी विचारत नाही.

एका नियमाशी मात्र आमचे पटत नाही. जो संगणक काही पाठवत नाही, नुसता ऐकत बसतो, त्याला पलीकडची वही कोरी झाल्याचे कळणार कसे? त्याने अधूनमधून 'आहात ना?' असे विचारावे, पण ठरावीक मुदत किमान दोन तासांची असावी, असे १९८९ चे आरएफसी ११२२ सांगते, आणि ही सोय मुळात बंद ठेवायला सांगते. अशा विचारपूसचाही खर्च होई, म्हणून हा संकोच समजण्यासारखा होता. आज दोन तास ढिम्म बसलेला संगणक कोणाला चालेल? कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी स्वतःची छोटी मुदत घालावी, हे बरे.

पडद्यावर 'पुन्हा उघडा' दाबले की काम होते, यामागेही जादू नाही. बहुधा जुनी प्रतीक्षा रद्द होऊन नवे पत्र लगेच निघते. एकट्याने केले तर ठीक. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला तेव्हा मंडळाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती आणि विद्यार्थ्यांची संख्या पंधरा लाखांहून अधिक होती. अशा वेळी प्रत्येकाने पुन्हा पुन्हा दाबणे म्हणजे १९८६ ची बर्कले घरोघरी उभी करणे होय.

वर्गात हे करून पाहता येते. एक मूल सर्व्हर. डोळे मिटून बसलेले. बाकीची सर्वजण १, ३, ७, १५, ३१ व्या सेकंदाला टाळी देतात. सगळ्या टाळ्या एकाच क्षणी पडतात आणि सर्व्हरला एकही नीट मोजता येत नाही. आता प्रत्येकाने आधी एक चिठ्ठी उचलावी आणि तिच्यावरचे शून्य ते पाच सेकंद आपल्या प्रत्येक वेळेत मिळवावेत. टाळ्या पांगतात. मोठ्या जाळ्यांत जोडणी पुन्हा करताना हीच युक्ती वापरतात.