जिंकणाऱ्या मुलींची गोष्ट कशी सांगायची?

३८-१-२. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघाचा २०२४-२५चा हंगाम एवढ्या तीन आकड्यांत मावतो. अडतीस विजय, एक पराभव, दोन बरोबऱ्या. शिवाय शेवटी राष्ट्रीय विजेतेपद, विद्यापीठाचं आठवं. मी दिवसभर डॅशबोर्ड बघण्याचं काम करतो. एखाद्या सिस्टिमचे आकडे असे दिसले तर आम्ही टॅब बंद करून चहाला जातो, कारण सगळं व्यवस्थित चालू आहे आणि बघण्यासारखं काही नाही.

मला या लेखात नेमकं याच्याशीच भांडायचं आहे. सतत जिंकणाऱ्या मुलींचा खेळ बघायचा कसा, आणि त्याबद्दल बोलायचं काय?

मुलींच्या खेळाची गोष्ट सांगायचा आपल्याकडे एक ठरलेला साचा आहे. घरून विरोध, फाटके बूट, लोकांची टिंगल, कडक पण मनाने चांगला प्रशिक्षक आणि शेवटी पदक. 'चक दे! इंडिया'ने (२००७) तो आपल्या डोक्यात पक्का बसवला, 'दंगल'ने (२०१६) आणखी घट्ट केला. दोन्ही सिनेमे मला आवडतात. पण या साच्याची एक अडचण आहे. त्यात खेळाडू कौतुकाला पात्र ठरते ती तिने सोसलं म्हणून. ती खेळते कशी, हा प्रश्न मागे पडतो. वर्तमानपत्रातली क्रीडापानंही हेच करतात. मुलग्यांच्या सामन्याच्या बातमीत कव्हर ड्राइव्ह असतो, मुलींच्या बातमीत आईचे दागिने गहाण पडलेले असतात.

आता या साच्यात विस्कॉन्सिनला बसवून बघा. बसतच नाही. मॅडिसन शहरात या संघासाठी २०१२ साली बांधलेलं लाबान अरीना नावाचं स्वतंत्र रिंक आहे. प्रशिक्षक मार्क जॉन्सन २००२पासून तिथेच आहेत. हे तेच जॉन्सन, ज्यांनी १९८०च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाविरुद्धच्या त्या गाजलेल्या सामन्यात दोन गोल केले होते. त्यातला एक तर पहिलं सत्र संपायला फक्त एक सेकंद उरला असताना. हा सेकंद लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तर रिंक आहे, पैसा आहे, परंपरा आहे. सहानुभूती वाटावी असं काही नाही, आणि मला ते फार बरं वाटतं. कारण मग बघायला फक्त खेळ उरतो.

खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बर्फावर प्रत्येक बाजूने पाच जणी आणि गोलकीपर, वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं, पकाच्या मागे सगळ्या स्केटवर. पुरुषांच्या हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन आडवं करणं हा खेळाचाच भाग असतो. मुलींच्या कॉलेज हॉकीत तशा धडकेला बंदी आहे. यामुळे मुलींचा खेळ 'सौम्य' असतो, असं पुष्कळ जण म्हणतात. हे म्हणणं मला अर्धवट वाटतं. धडक मारून पक काढून घेता येत नाही म्हटल्यावर तो पासच्या वाटा अडवून, जागा हेरून, स्टिकने काढावा लागतो. आणि ज्या संघाला पास देता येतो त्याला मग थांबवणं फार कठीण जातं.

विस्कॉन्सिनला पास देता येत होता. केसी ओब्रायनने या ४१ सामन्यांच्या हंगामात ८८ गुण मिळवले. हॉकीत गोलला एक गुण आणि गोलसाठी पास देणाऱ्यालाही एक. तिच्या ८८पैकी ६२ गुण पासचे आहेत. हा आकडा मला तिच्या गोलांपेक्षा जास्त आवडतो. गोल करणारी खेळाडू पडद्यावर दिसते. पास देणारी बघायची तर व्हिडिओ मागे न्यावा लागतो. मी फोनवर हायलाइट बघताना तेच करत होतो. गोल झाला की दहा सेकंद मागे. आणि दरवेळी सापडायचं की गोलच्या आधी कुणीतरी एक क्षण थांबलंय. समोरची बचावपटू हलेपर्यंत पक स्टिकवर धरून ठेवलाय आणि मगच सोडलाय. वेगाच्या खेळात वेग कमी करण्याची ही हिंमत म्हणजे या संघाची खरी शैली आहे, असं माझं मत आहे.

त्या पासचं सोनं करणारी लैला एडवर्ड्स. हंगामात ३५ गोल, देशात सर्वाधिक. ती ओहायो राज्यातली, खेळली विस्कॉन्सिनकडून; अमेरिकेच्या महिलांच्या मुख्य राष्ट्रीय संघातून २०२३ साली खेळलेली पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. बघा, इथे मलाही साच्यात शिरायचा मोह होतोय. ही माहिती महत्त्वाची आहेच, पण तिचे ३५ गोल तिच्या 'पहिली' असण्याचं परिशिष्ट नाहीत. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला पॅटी कॅझमायर पुरस्कार देतात. त्या वर्षी अंतिम तीन नावं होती ओब्रायन, एडवर्ड्स आणि बचावपटू कॅरोलाइन हार्वी. तिघी एकाच ड्रेसिंग रूममधल्या. पुरस्कार ओब्रायनला मिळाला.

एवढं कौतुक केल्यावर तक्रारही केली पाहिजे. तिघी एकाच संघात असणं हे त्या संघासाठी भूषण असेल, खेळासाठी ते तितकं चांगलं लक्षण नाही. राष्ट्रीय संघटनेची मुलींची स्पर्धा २००१ साली सुरू झाली. २०२० साली कोविडमुळे ती झाली नाही. म्हणजे २०२५पर्यंत २४ विजेतेपदं. ती किती विद्यापीठांनी वाटून घेतली? पाच. विस्कॉन्सिन आठ, मिनेसोटा सहा, मिनेसोटा-डलूथ पाच, क्लार्कसन तीन, ओहायो स्टेट दोन. क्लार्कसन सोडलं तर बाकी चौघं एकाच लीगमध्ये खेळतात. पाव शतकात पाच नावं! आपल्याकडे वर्षानुवर्षं एकाच शाळेला एकांकिकेचा करंडक मिळाला तर बाकीच्यांनी स्पर्धेला जाणंच सोडलं असतं. त्यामुळे विस्कॉन्सिनच्या हंगामातले बरेच सामने कलाकृती म्हणून बघितले तर पातळ आहेत. उपांत्य सामन्यात मिनेसोटासारख्या तगड्या संघाला ६-२ असं हरवलं जातं, तेव्हा कौशल्य दिसतं; पण पुढे काय होणार हा प्रश्नच पडत नाही.

आणि हे पाच का, याचं उत्तर बर्फावर सापडत नाही. ते हिशेबाच्या वहीत आहे. नॉर्थ डकोटाचं उदाहरण घ्या. मिनेसोटाच्या मुलींनी २०१२-१३चा अख्खा हंगाम एकही सामना न हरता, न बरोबरीत सोडता जिंकला होता : ४१-०. त्या हंगामाच्या आधीपासून सुरू झालेली त्यांची सलग विजयांची मालिका ६२ सामन्यांपर्यंत गेली. ती तोडली नॉर्थ डकोटाने, नोव्हेंबर २०१३मध्ये, मिनेसोटाच्याच रिंकवर. म्हणजे संघ लेचापेचा नव्हता. मार्च २०१७मध्ये विद्यापीठाने तो बंद केला. राज्याकडून येणारा पैसा घटला होता, काटकसर करायची होती. मुलींच्या हॉकीबरोबर पोहण्याचे संघही गेले. पुरुषांचा हॉकी संघ, जो आदल्याच वर्षी राष्ट्रीय विजेता झाला होता, राहिला.

वर्षही उलटलं नव्हतं, तोवर फेब्रुवारी २०१८मध्ये दक्षिण कोरियातल्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला हरवलं. शेवटच्या सत्रात बरोबरीचा गोल मोनिक लॅमरू-मोरांडोचा. शूटआउटमधला निर्णायक गोल तिची जुळी बहीण जोसेलिन लॅमरू-डेव्हिडसनचा. दोघी नॉर्थ डकोटाच्या, त्याच बंद झालेल्या संघातून खेळलेल्या. साचेबद्ध गोष्टीत सुवर्णपदकानंतर संघ पुन्हा सुरू होतो. इथे तसं झालं नाही.

म्हणून विस्कॉन्सिनचे आकडे बघताना माझ्या मनात दोन गोष्टी एकदम चालू असतात. हा संघ विलक्षण आहे. आणि ज्यांना असा संघ व्हायला वेळ आणि पैसा मिळालाच नाही, ते या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत. आमच्या धंद्यात म्हणतात की जो सर्व्हर बंद केला त्याचा लॉग येत नाही. तसंच.

आता अंतिम सामना. इथे मात्र हा हंगाम एकदम जाड होतो.

२३ मार्च २०२५, मिनियापोलिसचं रिडर अरीना. समोर ओहायो स्टेट. सलग तिसऱ्या वर्षी हेच दोन संघ अंतिम सामन्यात होते. २०२३मध्ये विस्कॉन्सिन १-० जिंकलं; एकमेव गोल कर्स्टन सिम्सचा, तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती. २०२४मध्ये ओहायो स्टेट १-० जिंकलं; एकमेव गोल जॉय डनचा, तीही पहिल्या वर्षाची. दोन वर्षांत मिळून दोन गोल, आणि दोन्ही नवख्या मुलींचे. असा योगायोग कादंबरीकाराने लिहिला असता तर संपादकाने खोडला असता. ओहायो स्टेटच्या प्रशिक्षक नदीन मझरॉल स्वतः मिनेसोटाच्या जुन्या खेळाडू, पुढे तिथेच सहाय्यक प्रशिक्षक. म्हणजे त्या आपल्याच जुन्या अंगणात आल्या होत्या.

तिसरं सत्र संपत आलं तेव्हा ओहायो स्टेट ३-२ने पुढे होतं. साठ मिनिटांतली शेवटची काही सेकंदं. ओहायो स्टेटच्या गोलसमोर झुंबड, स्टिका, गुडघे, पक कुठे आहे ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. खेळ थांबला आणि जॉन्सननी पंचांकडे दाद मागितली. त्यांचं म्हणणं असं की, गोलपुढच्या क्रीजमध्ये ओहायो स्टेटच्या खेळाडूने पक हाताखाली दाबला. (हो, हॉकीतही क्रीज असते, क्रिकेटवाल्यांनी घाबरू नये.) तिथे गोलकीपर सोडून दुसऱ्या कुणी पक हाताने झाकला तर समोरच्या संघाला पेनल्टी शॉट मिळतो. पंचांनी व्हिडिओ पाहिला. आपल्याला हा ताण डीआरएसमुळे माहीत आहे. मैदान गप्प, सगळे पडद्याकडे बघतायत, आणि अख्ख्या वर्षाचा निकाल एका फ्रेमवर अडकलेला. पेनल्टी शॉट मिळाला. घड्याळात १८.९ सेकंद.

शॉट घ्यायला आली कर्स्टन सिम्स. समोर फक्त गोलकीपर अमांडा थीली. बाकी सगळ्या जणी प्रेक्षक. तिने गोल केला. ३-३. जादा वेळ सुरू होऊन २ मिनिटं ४९ सेकंद झाली आणि पुन्हा सिम्सनेच गोल केला. सामना, विजेतेपद, हंगाम, सगळं संपलं.

या शेवटाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे याहून थरारक शेवट असूच शकत नाही. दुसरं, असा मोठा सामना व्हिडिओने आणि नियमाच्या कलमाने ठरावा हे वाईट. मी दुसऱ्या मताच्या लोकांशी बराच वेळ मनातल्या मनात वाद घातला आहे. त्यांना हवा असतो 'खेळातून आलेला' शेवट. पण पास देऊ शकणारा संघ पिछाडीवर असताना समोरच्याला शेवटच्या अर्ध्या मिनिटात आपल्याच गोलसमोर हाताने पक दाबायची वेळ येते, ती खेळातूनच येते. वर्षभर जे दडपण या संघाने बाकी सगळ्यांवर ठेवलं, त्याचंच ते फळ होतं. आणि दाद मागायचं सुचणं हेही कौशल्य आहे. एक सेकंद उरला असताना गोल करणारा माणूस १८.९ सेकंदांना संपलेला वेळ समजत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. या सामन्यानंतर सिम्सच्या थंड डोक्याबद्दल, जिद्दीबद्दल, स्वप्नांबद्दल पानंच्या पानं लिहिता येतात. ते सोपं आहे, कारण ते साच्यात बसतं. शेवटी एकदाचा विस्कॉन्सिनलाही थोडा संघर्ष सापडला, आता गोष्ट सांगता येईल! जणू आधीचे चाळीस सामने फक्त या एका संध्याकाळची तयारी होते. मला उलट वाटतं. सिम्स एकटी स्केटिंग करत गेली तेव्हा आपण जे बघतो ते या संघाचं सगळ्यात कमी प्रातिनिधिक दृश्य आहे. पास नाही, ओब्रायन नाही, एडवर्ड्स नाही, तो थांबलेला क्षण ओळखणारी दुसरी कुणी नाही. जो संघ पासवर जगला त्याला विजेतेपदात टिकवणारा गोल एकटीने, पासशिवाय झाला. मला या हंगामाचं खरं सौंदर्य दाखवायला सांगितलं तर मी ती क्लिप पाठवणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमधला कुठलाही एकतर्फी सामना पाठवेन, आणि सांगेन की गोल झाला की दहा सेकंद मागे जा.

तरी एक कबूल करतो: १८.९ सेकंदांची ती क्लिप मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. आणि तीन-चार वेळा पाहिल्यावर मी सिम्सकडे बघायचं सोडून थीलीकडे बघू लागलो. सलग तिसऱ्या अंतिम सामन्यात उतरलेला तिचा संघ, पुढे असलेला, अठरा सेकंद दूर. देशातल्या सगळ्यात बलाढ्य संघाला साठ मिनिटं जवळजवळ रोखून धरलेलं. मग सगळ्या बाजूला होतात, ती आपल्या जागी उभी राहते आणि समोरून एकजण निघते.