‘याला फुडं का नाय पाठवला?’: एका मालिकेतील मृत्यू आणि छोटे रुग्णालय

‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या अमेरिकी मालिकेच्या ११व्या पर्वातील २१वा भाग मी दोनदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बहुतेक प्रेक्षकांसारखा मीही चिडलो, पण ती चीड नायक मेल्याची होती. दुसऱ्यांदा गेल्या पावसाळ्यात टोकावड्याला, एका ओळखीच्या घरी, मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पाहिला. घरातल्या आजी शेजारी भाजी निवडत बसल्या होत्या. भाषा त्यांना कळत नव्हती. काय चालले आहे ते मात्र बरोबर कळत होते. जखमी माणसाला छोट्या दवाखान्यात आणले, डॉक्टर आपसांत बोलू लागले, तशा त्या म्हणाल्या, “याला फुडं का नाय पाठवला?”

मालिकेच्या चाहत्यांनी या भागावर केलेल्या तक्रारी मी बऱ्याच वाचल्या आहेत. आजींच्या प्रश्नाने भागाची नस जशी पकडली, तशी त्यांतल्या एकीनेही पकडलेली नाही.

आधी कथानक सांगतो. २००५ साली सुरू झालेली आणि अजून चालू असलेली ही मालिका सिअ‍ॅटलच्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात घडते. डेरेक शेफर्ड हा तिचा नायक, नामवंत न्यूरोसर्जन. २३ एप्रिल २०१५ रोजी प्रसारित झालेल्या या भागाचे नाव ‘हाऊ टू सेव्ह अ लाइफ’. लेखन मालिकेच्या निर्मात्या शोंडा ऱ्हाइम्स यांचेच. विमानतळाकडे निघालेल्या डेरेकला वाटेत दोन गाड्यांचा अपघात दिसतो. तो एकटा, हाताशी असेल त्या साधनांनिशी, चौघांना वाचवतो. रुग्णवाहिका त्यांना घेऊन जातात. मग तो आपल्या गाडीत बसतो, खाली पडलेला फोन उचलायला वाकतो आणि रस्त्यात आडव्या उभ्या असलेल्या त्याच्या गाडीवर ट्रक आदळतो. त्याला डिलर्ड मेडिकल सेंटर नावाच्या छोट्या रुग्णालयात नेतात. गंभीर अपघाती रुग्णांसाठीची सज्जता तिथे नाही. डेरेकला ऐकू येते, कळते, पण बोलता येत नाही. त्याचे मनातले बोलणे फक्त आपल्याला ऐकू येते. पेनी ब्लेक ही शिकाऊ डॉक्टर डोक्याचा सिटी स्कॅन करायला हवा म्हणते. तिचे वरिष्ठ डॉ. कॅस्टेलो पोटातला रक्तस्राव आधी थांबवायचा ठरवतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एका डोळ्याची बाहुली विस्फारते. बोलावलेला न्यूरोसर्जन यायला हवा त्यापेक्षा फार उशिरा पोहोचतो. मेंदू मृत झालेला असतो. पत्नी मेरेडिथ, तीही सर्जन, येते आणि यंत्रे बंद करण्याच्या कागदावर सही करते.

अभिनेता पॅट्रिक डेम्प्सी मालिका सोडत होता, म्हणून डेरेकला मारले, हे उघड आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या मालिकांत माणसे कथेच्या गरजेने कमी आणि करारांच्या गरजेने जास्त मरतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या मरणाचा दोष कुणाच्या नावे लिहिला, याबद्दल आहे.

कॅस्टेलोंचा निर्णय पुन्हा पाहावा. अपघातातील रुग्णाकडे पाहण्याचा क्रम जगभर एकच शिकवतात: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. पोटात रक्त साठते आहे, रक्तदाब कोसळतो आहे, अशा रुग्णाला स्कॅनच्या यंत्रात सरकवणे धोक्याचे असते. तो यंत्रातच जाऊ शकतो. म्हणून आधी पोट उघडा, हा सल्ला पुस्तकी आहे आणि अनेकदा तोच जीव वाचवतो. उलट, कवटीच्या आत रक्त साठत असेल तर प्रत्येक मिनिटाला मेंदूवरचा दाब वाढतो आणि तिथे थांबणे म्हणजे रुग्ण गमावणे. एकाच देहात दोन्ही रक्तस्राव असतील तर कुणीतरी एक निवडायचा असतो, आणि निवडताना पुरेशी माहिती हाती नसते. रुग्णालय-नाट्याला मिळू शकणारा याहून अस्सल पेच मला माहीत नाही. लेखिकेच्या तो हातात होता आणि तिने टाकून दिला. कॅस्टेलोंना तिने उर्मट आणि थकलेले केले, पेनीला घाबरट केले, आणि डेरेकच्या मनातल्या आवाजाला उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाचे काम दिले. त्या आवाजामुळे बरोबर उत्तर आपल्याला आधीच माहीत असते. मग समोरचे डॉक्टर चुकत नाहीत, नुसते नापास होतात.

याच प्रकारातला जुना भाग शेजारी ठेवला की फरक कळतो. ‘ईआर’ मालिकेचा ‘लव्ह्ज लेबर लॉस्ट’ हा भाग ९ मार्च १९९५ चा. गरोदर बाई लघवीच्या त्रासाची तक्रार घेऊन तातडीच्या विभागात येते. डॉ. मार्क ग्रीन तिला मूत्राशयाचा संसर्ग समजून घरी पाठवतात. ती परत येते ती झटके घेऊन. प्रसूती अडते, स्त्रीरोगतज्ज्ञ वेळेवर पोहोचत नाहीत, ग्रीन एकेक उपाय करत राहतात आणि एकेक निर्णय त्यांना खोलात नेतो. बाळ वाचते, आई जाते. इथेही तज्ज्ञ उशिरा येतो. पण चूक नायकाची आहे, नायकाच्या स्वतःच्या शिकागोतल्या मोठ्या रुग्णालयात झालेली, आणि शेवटी लोकलमध्ये एकटा बसून रडणारा माणूसही तोच आहे. ‘ईआर’ने दोष घरात ठेवला. ‘ग्रेज’ने तो गावाबाहेर नेऊन टाकला. सिअ‍ॅटलच्या रुग्णालयात दहा वर्षे अशक्य शस्त्रक्रिया यशस्वी होत होत्या. तिथल्या सर्वोत्तम सर्जनला मरायला प्रेक्षकांनी कधी न पाहिलेले, नाव न ऐकलेले एक लहान रुग्णालय शोधावे लागले. डिलर्ड हे ठिकाण मालिकेत दिसते ते एवढ्यासाठीच.

आणि म्हणून हा भाग टोकावड्यातून वेगळा दिसतो. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे करत माळशेज घाट चढणारा रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ६१. पावसाळ्यात धबधब्यांना आणि नाणेघाटाला येणाऱ्या गाड्यांची रांग, मधूनच उतरणारे धुके, दरडी, मालट्रक. या रस्त्यावर गाडी आदळली तर जखमी माणूस आधी पोहोचतो तो जवळच्या छोट्या सरकारी दवाखान्यात. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण ३० खाटा. डोक्याचा स्कॅन करणारे यंत्र या पातळीवर सहसा नसते, न्यूरोसर्जन तर नसतोच. (इकडे लोक ‘सीटी’ला सर्रास ‘सिटी’ म्हणतात. यंत्र सिटीतच असल्यामुळे मी ही चूक कधी दुरुस्त करत नाही.) थोडक्यात, टोकावड्याच्या परिसरातल्या माणसाला डिलर्ड हा अपवाद वाटत नाही. डिलर्ड हाच दवाखाना आहे. अपवाद आहे तो सिअ‍ॅटलचा.

त्यामुळे आजींचा प्रश्न. ‘पुढे पाठवणे’ हा शब्दप्रयोग इथल्या आजारपणाच्या प्रत्येक गोष्टीत असतो. मुरबाडहून पुढे, उल्हासनगरहून पुढे, कळव्याहून पुढे सायनला. कधी त्यात डॉक्टरने अंग काढून घेतल्याची तक्रार असते, कधी वेळेवर पाठवले म्हणून माणूस हाताला लागला याची कृतज्ञता. पण पाठवणे हे स्वतःच एक वैद्यकीय कृत्य आहे, आणि अवघड कृत्य आहे. मान हलू नये म्हणून पट्टा, श्वासाची नळी, दोन्ही हातांत सलाइन, बाहुल्यांची नोंद, शुद्धीचे १५ पैकी किती गुण ते कागदावर, पुढच्या रुग्णालयाला फोन, आणि मग खरा प्रश्न: याचे पोट कल्याणपर्यंत दम धरेल का? नाही धरणार असे वाटले तर इथे काय करता येईल? गाडीत सोबत कोण जाणार, आणि तो गेला तर मागे रात्रपाळीला कोण उरणार? महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली तेव्हापासून गाडीचा प्रश्न पुष्कळ हलका झाला, निर्णयाचा झालेला नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने ‘गोल्डन अवर’ला व्याख्या दिली: दुखापतीनंतरचा एक तास, ज्यात तातडीचे उपचार मिळाले तर मृत्यू टळण्याची शक्यता सर्वांत जास्त. माळशेजच्या पायथ्याहून हा तास रस्त्यातच मोजावा लागतो.

ऱ्हाइम्स यांच्या भागात पाठवायचे की ठेवायचे हा प्रश्न नाट्याच्या केंद्रात येतच नाही. आला असता तर कॅस्टेलो माणूस झाले असते.

पेनीचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. या भागाच्या शेवटी मेरेडिथ तिला जे सांगते, त्याचा आशय असा की प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला एक रुग्ण असा येतो जो कायम छळतो, आणि तोच त्याला चांगला डॉक्टर करतो. पूर्ण भागात हे एकच ठिकाण मला खरे वाटले. दोष बाजूला ठेवून एक सर्जन दुसऱ्या डॉक्टरशी बोलते. पण पुढच्या पर्वात पेनी मेरेडिथच्याच रुग्णालयात शिकायला येते, तिथे मेरेडिथच्या हाताखाली घडते आणि पर्वाच्या शेवटी न्यूयॉर्कला जाते. म्हणजे तिचे प्रायश्चित्त असे की तिने डिलर्ड सोडावे. डिलर्डमध्ये राहून, पुढच्या अशाच रात्री, पुढच्या अशाच रुग्णासाठी ती त्या सिटी स्कॅनचा हट्ट धरते, ही गोष्ट कुणाला सुचली नाही. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे, नाही तर १० लाखांचा दंड. तिथेही मुलामुलींच्या तोंडी वर्ष ‘काढायची’ भाषा असते. मालिका आणि आपली व्यवस्था दोन्हींचा नकाशा एकच आहे: चांगला डॉक्टर तो, जो इथून निघाला.

मराठी दूरचित्रवाणीकडे वळावे तर तुलनेलाच फारसे काही हाती लागत नाही. विजया मेहता यांनी १९९१ साली दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ केली. ती हिंदीत होती. मराठी मालिकांत डॉक्टर उदंड आहेत. ‘रंग माझा वेगळा’चा नायक डॉक्टर, ‘अजूनही बरसात आहे’मध्ये मुक्ता बर्वे आणि उमेश कामत दोघेही डॉक्टर. पण गळ्यातला स्टेथोस्कोप तिथे स्थळाच्या पत्रिकेतल्या पदवीसारखा असतो. कथा घरातच घडते. खेड्यातला दवाखाना केंद्रस्थानी असलेली आणि महाराष्ट्रभर पाहिली गेलेली माझ्या आठवणीतली मालिका म्हणजे २०२० ची ‘देवमाणूस’, आणि तिच्यातला डॉक्टर बोगस आणि खुनी. ती वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या हत्याकांडावरून सुचलेली होती, तेव्हा तिला खोटे म्हणता येत नाही. तरी अमेरिकेत छोटे रुग्णालय नायकाला मारते आणि आपल्याकडे गावाचा दवाखाना गावकऱ्यांना, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

पडद्यावर नसलेली गोष्ट आपल्याकडे पुस्तकात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आत्मकथन ‘बॅरिस्टरचं कार्टं’ अनेक वाचकांनी वाचले असेल. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू दंश करायचा आणि धडधाकट माणसे, विशेषतः मुले, काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून मरायची. बावस्करांनी काय केले? रुग्णाच्या उशाशी बसले. रात्रभर नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा टिपत राहिले. त्या नोंदींतून विषाने शरीरात उसळणाऱ्या संप्रेरकांचे वादळ त्यांना दिसले: आधी रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, मग हृदय थकते. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरले, निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापले. पूर्वी अशा गंभीर दंशांत शंभरांतले चाळीसच्या घरात दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे ज्ञान मोठ्या रुग्णालयातून खाली आलेले नाही. ते मोठ्या रुग्णालयात निर्माण होणे कठीणच होते, कारण तिथवर पोहोचेपर्यंत रुग्ण उरत नसे.

इथे मलाच सावध राहायला हवे. बिरवाडीच्या उदाहरणाने डिलर्डचा बचाव पूर्ण होत नाही. विंचवाला गोळी पुरली. कवटीतल्या रक्ताला पुरत नाही. तिथे यंत्र लागते, भूल देणारा लागतो, कवटी उघडणारा हात लागतो, आणि डॉक्टरच्या निष्ठेने त्यांची जागा भरून निघते असे म्हणणे म्हणजे शासनाला सूट देणे. त्यागी डॉक्टरच्या गौरवाखाली रिकाम्या जागा झाकण्याची आपल्या वाङ्मयाला खोडच आहे. पण बावस्करांच्या पुस्तकात एक गोष्ट आहे जी ऱ्हाइम्स यांच्या भागात नाही: छोट्या जागी असलेला डॉक्टर विचार करताना दिसतो. त्याला काय माहीत आहे, काय नाही, तो कशावर पैज लावतो आहे, हे वाचकाला कळते. तो चुकला तरी ती चूक आपल्याला समजली असती.

गंमत अशी की हे ऱ्हाइम्स यांना लिहिता येते. याच भागाच्या पूर्वार्धात त्यांनी ते लिहिले आहे. निर्जन रस्त्यावर डेरेककडे यंत्र नाही, रक्त नाही, सहकारी नाही. कुणाकडे आधी जायचे आणि कुणाला थांबवायचे हे तो एकेक करून ठरवतो, मोठ्याने बोलत, जखमींना विश्वासात घेत. कॅमेरा त्याच्यावरून हलत नाही, आणि आपण श्वास रोखून बघतो. टोकावड्याच्या त्या घरातही भाजी निवडणारे हात तेवढा वेळ थांबले होते.